लोहाराचा कोयता, आठ महिने वापरून (आणि नाकाबंदीचा अनुभव)

दिवाळीआधी लोहाराकडनं कोयता करून घेतला, साडेसहाशे रुपये, ट्रकच्या जुन्या पाट्याचं लोखंड. आम्ही सिंधुदुर्गातले, माडाची आणि आंब्याची बाग, त्यामुळे तेव्हापासून रोज हातात आहे. शहाळं तीन घावात उघडतं, कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडताना मनगट भरून येत नाही, वजन टोकाकडे बरोब्बर उतरलंय. मूठ मात्र मार्चमधे हलायला लागली, मग लाख भरून परत बसवून घेतली. पावसात खोबरेल लावा नाहीतर दुसऱ्या दिवशी तांबेरा चढलाच समजा.

आता मुद्द्याचं. शिमग्याच्या दिवसात बागेतनं थेट बाजारात गेलो, कोयता कमरेच्या आकडीत तसाच. नाक्यावर पोलिसांनी अडवलं, "काका, हा घेऊन बाजारात कशाला?" बागेतनं येतोय म्हटलं, हाताला चिकाचे डाग होतेच, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि गुंडाळून न्या म्हणाले, पण तेवढ्यात माझा घसा पार कोरडा पडला होता, चार माणसं बघत होती.

घरी येऊन मग नीट वाचलं. शस्त्र नियमांत 9 इंचापेक्षा लांब किंवा 2 इंचापेक्षा रुंद पात्याचा चाकू, तलवार वगैरे धारदार शस्त्रांत मोडतात, पण घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेली हत्यारं त्यातनं वगळलीत. माझं पातं 11 इंच, अडीच इंच रुंद, तरी शेतीचं म्हणून सुटतं. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चं कलम 37 वेगळं आहे. सणासुदीला, निवडणुकीला जिल्हादंडाधिकारी जो मनाई आदेश काढतात ना, सहसा 15 दिवसांपर्यंतचा, तो ह्याच कलमाखाली, आणि त्यात चाकू, काठ्या, लाठ्या, मारहाणीला वापरता येईल अशी कुठलीही वस्तू बसते, तिथे इंचाचा हिशोबच नाही! मोडला तर कलम 135 खाली गुन्हा. आपण कोयता लहानपणापासून कमरेला बघतो म्हणून तो हत्यार वाटतच नाही, पण अनोळखी माणसाला गर्दीत तो कसा दिसत असेल ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता.

पुतण्या ऑनलाइन फोल्डिंग चाकू मागवतोय, "छोटाच आहे" म्हणून खिशात ठेवणार होता, त्याला हे सगळं बसवून सांगितलं.

आता स्कूटरच्या डिकीत गोणपाट आणि सुतळी कायम ठेवतो. बाग सुटली की कोयता आकडीतनं काढायचा, गुंडाळून बांधायचा आणि आधी घरी ठेवायचा, बाजार नंतर. कोयता घ्यायचा असेल तर लोहाराला पात्याचं माप आधीच सांगा, आणि मूठ लाख भरूनच मागा.