बाथची पायी फेरी : एका नाशिककर बाईचा अभिप्राय

तीर्थाच्या गावी कोणी फुकट माहिती सांगायला पुढे आले की पंचवटीत वाढलेल्या माणसाला आधी संशय येतो. तो संशय सोबत घेऊनच मी आणि माझे यजमान इंग्लंडमधल्या बाथच्या पायी फेरीला गेलो. मुलीकडे ब्रिस्टलला मुक्काम होता आणि तेथून बाथ आगगाडीने पाव तासावर आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती वसलेल्या या गावात महापौरांचे मानद मार्गदर्शक १९३४ सालापासून पाहुण्यांना गाव दाखवतात. त्यासाठी पैसे घेत नाहीत आणि बक्षिसीही स्वीकारत नाहीत. नावनोंदणीची भानगड नाही. सकाळी साडेदहाला ॲबी या जुन्या चर्चसमोरच्या चौकात, पंप रूमच्या दाराशी उभे राहायचे, एवढेच.

आदल्याच दिवशी आम्ही एका कंपनीची मोबाईलवरची ध्वनिफीत विकत घेतली होती. चढावर फिरताना ती दोनदा बंद पडली आणि उरलेल्या वेळात सनावळ्या म्हणून दाखवत राहिली, म्हणून दुसऱ्या दिवशीचा फरक अधिक जाणवला असेल. आमच्या गटाला मिळालेल्या मार्गदर्शक बाई सत्तरीला टेकलेल्या होत्या, आवाज खणखणीत होता आणि त्यांच्या हातात कागदाचा चिटोराही नव्हता.

झऱ्याची माहिती त्यांनी थोडक्यात पण नेमकी सांगितली. मेंडिप टेकड्यांवर पडलेले पावसाचे पाणी चुनखडकातून खोल झिरपते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि भेगांतून वर येते. येथे ते सुमारे ४६ अंश सेल्सिअसला, दिवसाला अकरा लाख लिटरांहून अधिक, अखंड वाहत असते. वज्रेश्वरीची कुंडे पाहिलेल्यांना पाण्याचे अप्रूप वाटणार नाही, पण त्याभोवती रोमनांनी उभारलेल्या देवस्थानाचे नक्की वाटेल. सुलिस ही तेथली स्थानिक देवता. रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडून घेतले. आंघोळीला उतरल्यावर ज्यांचे कपडे चोरीला जात, ते शिशाच्या पातळ पत्र्यावर चोराला शाप लिहून तो पत्रा देवीच्या कुंडात टाकत. असे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत. रामकुंडावर कपडे आणि चपला कोणाच्या तरी हवाली केल्याशिवाय पाण्यात न उतरणाऱ्या आम्हा दोघांना हे ऐकून हसू आवरेना. त्या बाईंना हसण्याचे कारण समजावून सांगावे लागले. हे पत्रे मात्र रोमन स्नानगृहांच्या संग्रहालयात आहेत. त्याचे तिकीट वेगळे असून फेरी आत जात नाही, हे लक्षात ठेवावे.

फेरीचे खरे मोल पुढे कळले. एका बंद दारापाशी थांबून बाईंनी सांगितले की, शाळकरी वयात त्या याच झऱ्याच्या गरम पाण्याच्या तलावात पोहायला शिकल्या. अंगाला येणारा खनिजांचा वास आई साबणाने घालवू पाही आणि तो जात नसे. संधिवाताचे रुग्ण सरकारी आरोग्यसेवेच्या खर्चाने या पाण्यात उपचार घेत. ते १९७६ साली थांबले. १९७८ साली पाण्यातील अमिबाच्या संसर्गाने एका मुलीचा मृत्यू झाला आणि स्नाने बंदच झाली. २००६ साली नवे स्नानगृह सुरू होईपर्यंत, ज्या पाण्यामुळे गाव वसले त्यात गावातल्या कोणालाच उतरता येत नव्हते. हे सांगताना त्या क्षणभर गप्प राहिल्या. गोदेच्या पात्रातली जुनी कुंडे काँक्रीटखाली गेलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती शांतता ओळखीची वाटेल.

रॉयल क्रेसेंट ही तीस घरांची अर्धचंद्राकार रांग १७६७ ते १७७४ या काळात बांधली गेली. पुढची दर्शनी भिंत एकसारखी, पण मागची बाजू प्रत्येकाने आपापल्या सोयीने बांधलेली, म्हणून ओबडधोबड. आपल्या जुन्या वाड्यांची रीत नेमकी उलटी : रस्त्याकडे साधी भिंत आणि कोरीव खांबांचा सारा थाट आतल्या चौकात. त्याआधी ‘सर्कस’ नावाच्या गोल चौकात १४ क्रमांकाचे घर लागते. तेथे रॉबर्ट क्लाइव्ह राहत होता. आमच्याकडे पाहून बाईंनी तो विषय टाळला नाही. या देखण्या घरांमागचा पैसा गुलामांच्या श्रमांवर चाललेल्या साखरमळ्यांतून आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातील कमाईतून आला, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. कादंबरीकार जेन ऑस्टिनचे नाव मात्र मला जरा जास्तच वेळा ऐकू आले. ज्यांना तिचे वेड आहे त्यांची तक्रार नसावी.

एप्रिल १९४२ मधील जर्मन बॉम्बहल्ल्यांविषयी त्या आईकडून ऐकलेले सांगत होत्या. दोन रात्रींत चारशेंहून अधिक माणसे गेली, असेंब्ली रूम्स ही जुनी सभागृहे जळाली. ब्रिटिशांनी जर्मनीतील ल्यूबेक शहरावर केलेल्या हल्ल्याचा तो सूड होता. कारखान्यांसाठी नव्हे, तर सुंदर म्हणून हे गाव निवडले गेले, या गोष्टीचा राग त्यांच्या आवाजात अजून होता. तसा राग ध्वनिफितीत भरता येत नाही.

फेरी दोन तासांची आहे, चढ बराच आहे. गुडघे दुखत असतील तर विचार करावा. गट मोठा असल्यास पुढे, मार्गदर्शकांच्या जवळ चालावे. इंग्रजी सावकाश बोलण्याची विनंती केली तर ती आनंदाने मानली जाते.

आपल्याकडेही गोदाकाठच्या वारसाफेऱ्या निघतात, पण बहुधा एखाद्या रविवारी किंवा वारसा सप्ताहात. सरकारवाडा, नारोशंकराची घंटा, सुंदरनारायण हे सारे चालण्याच्या अंतरात असताना रोज ठरल्या वेळी उभा राहणारा, गावातच म्हातारा झालेला माणूस पाहुण्याला भेटला पाहिजे, असे मला तीव्रतेने वाटले.

शेवटी पल्टनी पुलाशी त्यांनी एव्हन नदीवरचा १९७२ सालचा बंधारा दाखवला आणि त्याआधी पूर कसा दुकानांत शिरे ते सांगितले. मग मी त्यांना गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीविषयी सांगितले : पाणी त्याच्या कमरेला लागले की सराफ बाजारातले दुकानदार माल वर हलवतात आणि गळ्याशी आले की सारे गाव पूर पाहायला येते. त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि मारुतीच्या नावाचे स्पेलिंग विचारले. यजमानांनी पुढे केलेली दहा पौंडांची नोट मात्र हसून परत केली.