पेडलबोर्डसाठी रिचार्जेबल सप्लाय: गोव्यात वाजवणाऱ्यांनी काय घ्यावे

किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये फ्रीज, ज्यूसचा मिक्सर, दिव्यांच्या माळा आणि गिटारचा अ‍ॅम्प एकाच एक्स्टेन्शनवर, अर्थिंग नावापुरते. जत्रेच्या मांडवात वीज गेली की जनरेटर लागेपर्यंत गिटारचा आवाज बदलणारे सगळे पेडल बंद. परत वीज आली की डिजिटल रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा पेडल) बूट व्हायला वेळ घेतो आणि साध्या लूपरमध्ये (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारा पेडल) सेव्ह न केलेला लूप गेलेला असतो. पेडलबोर्ड, म्हणजे हे पेडल बसवलेली फळी, बॅटरीवर घेतला तर हा त्रास संपतो, आणि अडॅप्टरमधून येणारी हम, म्हणजे सततची घुमघुम, हीही जाते. खराब अर्थिंगमुळे अ‍ॅम्पमध्येच जी हम असते ती मात्र तशीच राहते. बॅटरीकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये.

बॅटरी आतच असलेल्या सप्लायमध्ये पेडलट्रेनचा व्होल्टो सगळ्यांच्या माहितीचा. पातळ आहे, बोर्डाखाली सहज बसतो. पण आउटपुट दोनच, म्हणजे तिसऱ्या पेडलपासूनच डेझी चेन (एका आउटपुटवरून अनेक पेडलना वीज देणारी केबल) आलीच. सगळे ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारे पेडल) आणि एक ट्यूनर असेल तर काही बिघडत नाही. त्याच चेनमध्ये डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारा पेडल) घातला की त्याच्या क्लॉकची बारीक शिट्टी ओव्हरड्राइव्हसारख्या गेन पेडलमधून मोठी होऊन ऐकू येते. पीएनपी ट्रान्झिस्टरचा जुन्या धाटणीचा जर्मेनियम फझ (जास्तच खरखरीत आवाजाचा पेडल) त्यात लावला तर सरळ शॉर्ट होतो, कारण त्याचे ग्राउंड पॉझिटिव्ह असते. शिवाय काही वर्षांनी सेल म्हातारे झाले की पूर्ण डबाच बदलायची वेळ येते.

म्हणून आमची पसंती पॉवर बँक आणि वेगळ्या आयसोलेटेड (प्रत्येक आउटपुट विजेच्या दृष्टीने स्वतंत्र असलेल्या) कन्व्हर्टरला. मिशन इंजिनिअरिंगचा ५२९ याच कामासाठी आहे: यूएसबीवर चालतो आणि ९ व्होल्टचे पाच आउटपुट देतो, चार १५० मिलिअ‍ॅम्पचे, एक ५०० चा. पॉवर बँक थकली की तेवढीच बदलायची, ती म्हापशात-मडगावात कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळते. कमतरता एकच, पण मोठी: जोरदार आउटपुट एकच आहे. स्ट्रायमनचा बिगस्काय हा रिव्हर्ब ३०० मिलिअ‍ॅम्प मागतो, तो ५०० वाल्यावर बसला की त्यांच्याच टाइमलाइन या डिलेला जागा नाही. एचएक्स स्टॉम्प या मल्टिइफेक्टचा (अनेक इफेक्ट एकाच डब्यात) तर विचारच नको, त्याचा मूळ अडॅप्टर ३ अ‍ॅम्पचा आहे.

किती वेळ चालेल हा हिशेब बँकेवर छापलेल्या एमएएचवरून थेट करू नका. तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर. बँकेतले सर्किट आणि कन्व्हर्टर प्रत्येकी साधारण १५ टक्के खातात असे धरले तर हातात २६-२७ उरतात. बॉसचा टीयू-३ ट्यूनर (३०), ट्यूब स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह (१० च्या आत), बॉसचाच डीडी-८ डिले (६५) आणि बिगस्काय (३००) मिळून सुमारे ४०० मिलिअ‍ॅम्प, म्हणजे ९ व्होल्टला ३.६ वॉट. सात तास निघतात. बँक जुनी असली तरी पाच. उघड्यावर स्पीकर रात्री दहाला बंद करावाच लागतो, त्यामुळे पाचच्या साउंड चेकपासून धरले तरी पुरते.

अडचणी येतात त्या भलतीकडेच. ट्यूनर आणि एकच ओव्हरड्राइव्ह असा हलका बोर्ड असेल तर फोन भरला असे समजून पॉवर बँक आपोआप बंद होते. शाओमीच्या काही बँकांमध्ये बटण दोनदा दाबले की कमी करंटचा मोड सुरू होतो, तशी बघून घ्या. उलट बोर्ड भारी असेल तर ५ व्होल्टवर जवळजवळ २.४ अ‍ॅम्प लागतात. लांब, बारीक यूएसबी केबलमध्ये तेवढ्या करंटला व्होल्टेज पडते, कन्व्हर्टर अडखळतो आणि दोष बिचाऱ्या पेडलवर जातो. केबल जाड, वीतभर लांबीची घ्या. वाजवताना बँक चार्जिंगला लावू नका: एक तर चार्जरचा आवाज आत येतो, आणि प्लग काढला-घातला की बऱ्याच बँका क्षणभर आउटपुट तोडतात.

पॉवर बँकेच्या टाइप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) पोर्टमधून ९ व्होल्ट काढणारी ट्रिगर केबल काही शेकड्यांत मिळते. एकट्या मल्टिइफेक्टसाठी ती उत्तम, कारण तिथे आयसोलेशनचा प्रश्नच येत नाही. फक्त पोलॅरिटी बघा. पेडलला मधली पिन निगेटिव्ह लागते, यातल्या कित्येक केबल पॉझिटिव्ह येतात. मल्टिमीटरची लाल प्रोब प्लगच्या आत, काळी बाहेरच्या कड्याला लावून वाचन उणे ९ आले तरच पेडलमध्ये घाला. बँकेच्या दुसऱ्या पोर्टला कोणी फोन लावला तर पुष्कळ बँका ९ वरून ५ व्होल्टवर उतरतात, तेव्हा ड्रमरचा फोन लांबच ठेवा.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत टाइप-सी पोर्ट हिरवे पडतात. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या आणि महिन्यातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनर, एवढे पुरते. भर दुपारी बंद गाडीत बँक ठेवू नका, लिथियम सेल फुगतात.

मोपा किंवा दाबोळीवरून जाणार असाल तर बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच न्यावी लागते. १०० वॉट-अवरच्या आत असेल तर वेगळी परवानगी लागत नाही, पण तिच्यावरचा आकडा वाचता आला पाहिजे. आतली बॅटरी असलेला सप्लाय बोर्डाखाली स्क्रूने आवळला असेल तर काउंटरवर तो उपसत बसावे लागेल. वेल्क्रो लावा.