फरशीचं काम: ठेकेदाराला मालासकट की मिस्त्रीला मजुरीवर?

टाइल कोणती घ्यायची हे तुमचं ठरलंय असं धरून चालतो. दोन बाय दोन की दोन बाय चार, चकचकीत की मॅट, यावर घरात जेवढं व्हायचं तेवढं होऊन गेलं असेल. राहिलं ते लावणार कोण. हा प्रश्न आपण दुकानातून बाहेर पडता पडता पाच मिनिटांत उरकतो. मीही तसाच उरकला होता.

माझ्या घरात दोन्ही प्रकारचं काम आहे. पुण्यातला जुना फ्लॅट. 2018 मध्ये बाथरूम एका ठेकेदाराला ‘विथ मटेरियल’ दिलं. 2022 मध्ये स्वयंपाकघर आणि ड्राय बाल्कनी एका मिस्त्रीला लेबर रेटने दिली. दोन्ही फरश्यांवर रोज पाय पडतो, त्यामुळे माझ्यापुरतं मत पक्कं झालंय. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. चांगले ठेकेदार आहेत आणि वाईट मिस्त्रीही ढिगाने आहेत.

आधी पैशाचं सांगतो, कारण तिथेच बहुतेकांची फसगत होते. मजुरीचा दर ऐकला की वाटतं, अर्ध्यात काम होतंय. पण तो दर सपाट जागेचा असतो. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, रनिंग फुटावर वेगळं, कोपऱ्याला कडा 45 अंशात घासून जोडायच्या तर ते वेगळं, जुनी फरशी फोडायची वेगळी आणि राडारोडा खाली नेऊन टाकायचा त्याहून वेगळा. शिवाय दुकानदार बॉक्समध्ये बोलतो, ठेकेदार चौरस फुटात आणि मिस्त्री ब्रासमध्ये, म्हणजे शंभर चौरस फुटांत. दोन बाय दोनच्या चार टाइल्सचा बॉक्स बोलण्यात 16 फुटांचा असतो. खरं तर टाइल 600 मिलिमीटरची, म्हणजे बॉक्स साडेपंधरा फुटांचा. हे मला माल कमी पडल्यावर कळलं. परत गेलो तर त्या बॅचचा माल संपलेला. नवीन बॅचची छटा किंचित पिवळट निघाली. त्या टाइल्स आता फ्रीजखाली आहेत.

ठेकेदाराकडे ही डोकेदुखी नव्हती. माल त्याचा, कमी पडला तर त्याचा. पण त्याने लावलेल्या टाइलचा भाव मी नंतर सहज दुकानात विचारला, तेव्हा त्याची कमाई कुठे होती ते दिसलं. त्यात गैर काही नाही, धंदा आहे. वहीत दोन्ही कामांचा हिशेब मांडला, महागाई सोडून दिली, तर फुटामागे फरक वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. त्यामुळे केवळ पैशासाठी मजुरीवर काम देत असाल तर देऊ नका.

आता बाथरूमची गोष्ट.

ठेकेदाराची काही कामं उत्तम झाली, ते आधी सांगतो. वॉटरप्रूफिंगला त्याने घाई केली नाही. कोबा, म्हणजे फरशीखालचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, केला, दोन दिवस पाणी कोंडून ठेवलं, खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून आला. ते छत आजही कोरडं आहे. प्लंबर त्याचाच होता, त्यामुळे मला कुणाच्या मागे धावावं लागलं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुपारच्या कटरच्या आवाजाबद्दल तक्रार केली, तीही त्यानेच निस्तरली. मी नऊ दिवस निवांत ऑफिसला गेलो.

तेच नडलं. पहिल्या दिवशी मी ठेकेदाराला नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी, दाखवून सांगितलं होतं, उतार सगळा इकडे, बेसिनखाली पाणी थांबता कामा नये. ‘होऊन जाईल सर,’ म्हणाला. मनापासूनच म्हणाला असेल. पण त्या नऊ दिवसांत कारागीर तीन झाले. भिंती लावणारा दुसऱ्या साइटवर गेला, त्याच्या जागी आलेला दोन दिवस टिकला, आणि जमिनीची फरशी बसवायला जो पोरगा आला त्याला मी कधी पाहिलंच नाही. माझं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचायला वाटच नव्हती. त्याला ट्रॅप दिसला, त्याने अंदाजे उतार दिला आणि संध्याकाळी तो गेला.

पहिल्याच आंघोळीला बेसिनखाली ताटाएवढं तळं साचलं. ठेकेदाराला बोलावलं. आला, बूट काढले, पँट वर केली, एक मग पाणी ओतलं आणि आम्ही दोघं त्या पाण्याकडे बघत उभे राहिलो. निम्मं पाणी ट्रॅपकडे गेलं, निम्मं तिथेच बसलं. ‘थोडं राहतंच सर. वायपर मारायचा.’

तेव्हापासून मी वायपर मारतोय. रोज सकाळी, आंघोळ झाल्यावर, ओल्या अंगाने, वाकून. घरात हे काम माझ्याकडे आलं, कारण ठेकेदार मी आणला होता. त्या कोपऱ्यातले जॉइंट काळे पडलेत, घासले की महिनाभर बरे दिसतात. इतर सगळं विसरलो असतो. टाइलचे दर आता आठवतही नाहीत. पण वायपर रोज हातात येतो.

म्हणून ड्राय बाल्कनीच्या वेळी मी हट्ट धरला, ज्याच्या हातात थापी असेल त्याच्याशीच बोलायचं. मिस्त्री लातूरकडचा, बरोबर एक बिगारी. पहिल्या सकाळी त्याने सिमेंटला हात लावला नाही. स्वयंपाकघरात टाइल्स कोरड्या मांडल्या आणि मला हाक मारली. ‘काका, अख्खी दारातनं धरली तर ओट्याखाली चार इंची तुकडा येतोय. उलटं धरलं तर तुकडा दारात. बोला.’ मी ओट्याखाली म्हणालो. विषय मिटला. बाथरूमच्या उंबऱ्याशी दोन इंचांची पट्टी आहे. ती कुणी ठरवली हे मला आजतागायत माहीत नाही.

बाल्कनीत त्याने दोरी बांधली आणि विचारलं, फुटाला किती सूत देऊ? सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी जळलेलो, म्हटलं द्या चांगला दोन सूत. तो हसला. ‘मशीन ठेवणार ना हितं? दोन सूत दिलं तर नाचेल ते. एक देतो, पण तळाला एकसारखं धरतो.’ जॉइंट भरायच्या आधी त्याने अर्धी बादली पाणी ओतलं. मशीनच्या जागेजवळ तळहाताएवढं पाणी राहिलं. मी काही बोलायच्या आत त्याने ती एक टाइल उचलली, ती अजून कच्चीच होती, आणि पुन्हा बसवली. सगळं मिळून वीस मिनिटं गेली असतील. त्या वीस मिनिटांसाठी मी बाथरूमच्या फरशीवर इतकी वर्षं वायपर मारतोय.

पण मजुरीवर काम देणं म्हणजे स्वतः साइटवर नोकरी धरणं आहे, हे लपवत नाही. चिकटवायचा अ‍ॅडेसिव्ह 20 किलोच्या गोणीत येतो. गोणीवर जेवढे फूट लिहिलेले तेवढे निघाले नाहीत, कारण आमची भिंतच ओळंब्यात नव्हती. म्हणजे ऑफिसमध्ये फोन, ‘काका, दोन गोण्या’. अमावास्येला सुट्टी, ती धरूनच चाला. मध्येच पुतण्याचं लग्न म्हणून पाच दिवस गावी. त्या पाच दिवसांत स्वयंपाक हॉलमध्ये चालला होता. आईने मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आणि एका गोष्टीवर त्याच्याशी चांगलाच वाद झाला. त्याला व्हिट्रिफाइड टाइलसुद्धा सिमेंटच्या घोळावरच लावायची होती. ‘इतकी वर्षं असंच लावतोय.’ भिंतीची साधी सिरॅमिक टाइल पाणी पिते, म्हणून ती भिजवून सिमेंटवर लावली तर धरते. व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, तिथे नुसतं सिमेंट नीट पकडत नाही. मी आयएस 15477, म्हणजे टाइल अ‍ॅडेसिव्हच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेली गोणी आणून दिली आणि दात्यांच्या थापीने सगळीकडे पसरायला लावली. कुरकुर करत केलं. मजुरीवर काम दिलंत तर असं एखादं भांडण तुम्हालाच जिंकावं लागतं. ते जमणार नसेल तर ठेकेदार बरा. तरी ठेकेदाराच्या माणसाने अ‍ॅडेसिव्ह वापरूनही भिंतीवर टाइलमागे पाच लाडू ठेवून चिकटवलं होतं. नाण्याने वाजवलं की कोपरे पोकळ वाजतात. एकदा हुकासाठी ड्रिल मारला आणि टाइल कोपऱ्यापर्यंत तडकली.

टाइलच्या दुकानातून मिळणारा ‘आमचा माणूस’ हा तिसरा पर्याय मी वापरलेला नाही. शेजाऱ्यांनी वापरला. तो मुळात मजुरीवरचाच मिस्त्री असतो, फक्त नंबर दुकानदाराने दिलेला. बिघडलं तेव्हा दुकानदार म्हणाला, ते तुमच्यात आणि त्याच्यात.

माझी बहीण दुबईत असते, तिचा फ्लॅट नाशिकला आहे. तिने विचारलं तेव्हा मी तिला ठेकेदारच सांगितला. तिथे रोज जाऊन बघणारं कोणी नाही आणि प्लंबिंग सगळं बदलायचं होतं. फक्त कोटेशनमध्ये दोन ओळी घालायला लावल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कारागीर, आणि बाथरूममध्ये पाणी ओतून व्हिडिओ पाठवल्याशिवाय जॉइंट भरायचे नाहीत, शेवटचा हप्ताही नाही. ठेकेदाराने दुसरी ओळ लगेच मान्य केली. पहिलीवर बरीच घासाघीस झाली. शेवटी ‘शक्यतो’ हा शब्द घालून त्याने सही केली.

तुम्ही त्याच गावात राहत असाल, दहा-बारा दिवस घरी थांबता येत असेल आणि काम एक-दोन खोल्यांचंच असेल, तर माझं झुकतं माप मजुरीवरच्या मिस्त्रीला. निदान दोन दिवस तरी घरी राहा. टाइल्स कोरड्या मांडतात तो आणि उतार देतात तो.

गेल्या महिन्यात मिस्त्रीला बाथरूम दाखवलं. त्याने न विचारता मग भरला आणि बेसिनखाली ओतला. फरशी फोडावी लागेल, खालचा कोबा न दुखवता, म्हणजे हळू, म्हणजे मजुरी जास्त. गणपतीनंतर येतो म्हणालाय. टाइल मीच आणायची आहे, आणि बॉक्स मोजताना साडेपंधराने भागायचं.