विहिरीवर कोणता पंप: विजेचा की सौर?

आमच्या विहिरीवर आधी विजेची मोटार होती. लाइट बहुतेक रात्रीची. हातात बॅटरी, बांधावरून चालत जायचं, स्टार्टर दाबायचा आणि पायाखाली साप तर नाही ना, ही धास्ती. शिवाय राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशाचीच. चंद्रपूर, कोराडीची धुरांडी आपल्या पाटापर्यंत पोचलेली असतात.

सौर पंपाला बिल नाही, रात्रीचं जागरण नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपीचा पंप मिळतो. पॅनेलवर धूळ साचली की धार बारीक होते. सकाळी ओल्या फडक्यानं पुसलं की फरक लगेच दिसतो. आभाळ आलं की पंप मंदावतो, पण तेव्हा पिकाची तहानही कमी असते.

माझी काळजी वेगळी आहे. विजेची मोटार लाइट गेली की थांबायची, विहिरीला तेवढीच उसंत. फुकटचं ऊन मात्र रोज उगवतं आणि पंप बंद करायला कुणाचा हात जात नाही. तरीही मी सौरच घ्या म्हणेन, पण ठिबक जोडून. मोकाट पाटपाणी देणार असाल, तर विहिरीचा तळ मार्चमध्येच दिसेल.