एकोनं वैताग आणलाय? स्पीकर-माईक ठेवायचा का हेडसेट घ्यायचा

आधी एक बघा, ऑनलाइन मीटिंगमध्ये समोरच्याला त्याचाच आवाज परत ऐकू येत असेल तर घोळ तुमच्याकडं आहे, तुमच्या स्पीकरचा आवाज तुमचाच माईक उचलतोय. आणि तुमचाच आवाज तुम्हाला येत असेल तर विंडोजच्या रेकॉर्डिंग सेटिंगमधली 'लिसन टू धिस डिव्हाइस'ची टिक चुकून लागली नाही ना बघा, असली तर काढा, पैसे वाचले.

मी दीड वर्ष स्पीकर आणि टेबलावरचा यूएसबी माईक वापरला. कान मोकळे राहतात, आईनं चहाला हाक मारली तर कळतं. माझी खोली कोल्हापुरात शाहूपुरीत, खाली शहाबादी, भिंती उघड्या, सगळं घुमतंय. मग जाड पडदा लावला, माईक तोंडाजवळ ओढला, त्याची पाठ स्पीकरकडं केली, आवाज निम्म्यावर आणला, एको बऱ्यापैकी गेला. तेव्हा स्पीकर वाईटच असं काय म्हणत नाही मी.

खरं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मीटिंगचं सॉफ्टवेअर एको मारायला स्पीकरचा आवाज माईकमधनं वजा करतं, दोघं एकदम बोलले की त्याला उमगत नाही आणि ते आपलाच शब्द खातं. माझं काम जीएसटीचं. इचलकरंजीचे एक पार्टी, "हे बिल पुढच्या महिन्यात घेतलं तर चालेल काय?" मी म्हटलं, "चालणार नाही." त्यांनी मधेच "बरं बरं" सुरू केलं आणि माझं 'नाही' गेलं, त्यांना पोचलं नुसतं 'चालणार'. २० तारखेला रिटर्न भरायला बसलो तर बिलच नाही. आता मराठीत नकार शेवटी येतो त्याला मी काय करू!

दुसऱ्या दिवशी राजारामपुरीतनं वायरचा यूएसबी हेडसेट आणला. आवाज कानातच राहतो, माईकपर्यंत जातच नाही, मग कापायला काय उरत नाही. एप्रिलात कान घामेजतात हे मान्य. ब्लूटूथवाला पण घेऊन बघितला, माईक चालू झाला की ऐकू येणारा आवाज जुन्या फोनसारखा डबक्यातनं आल्यागत व्हायचा, दिला भावाला.

तुम्ही क्लास घेत असाल, म्हणजे दिवसभर एकटेच बोलणार, तर स्पीकरवर भागेलही कदाचित. पण समोरच्याशी बोलाचाली, घासाघीस असेल तर मी हेडसेटच घेईन. फक्त वायर लांब बघून घ्या, माझी आखूड आहे, खुर्ची मागं सरकली की कान ओढला जातोय.