निराधारचा पगार आणि एसटीचं शून्याचं तिकीट: गावातल्या म्हाताऱ्या माणसांना कोणती सरकारी सोय खरंच लागू पडते

गावातल्या म्हाताऱ्या माणसासाठी सरकारची सगळ्यात नीट चालणारी सोय तहसीलमध्ये नाही, एसटीच्या गाडीत आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत ७५ पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास फुकट आहे, आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, समितीची बैठक नाही, बँकेचं खातं नाही. आधार दाखवलं की कंडक्टर त्यावरचं वय बघून मशीनवर शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो. मतदार ओळखपत्र चालतं, मोबाईलमधलं डिजीलॉकरचं आधारही चालतं. पैसे पडले नाहीत म्हणून ते तिकीट फेकू नये, तपासणीला तेच दाखवावं लागतं. आणखी एक गोष्ट सीमेवरच्या तालुक्यांनी ध्यानात ठेवावी. फुकट प्रवास राज्याच्या हद्दीपर्यंतच. पांढरकवड्याहून आदिलाबादला किंवा गोंदियाहून बालाघाटला जायचं असेल तर हद्दीपुढचं भाडं मोजावं लागतं.

ही सोय चालते याचं कारण सोपं आहे: हक्क जागेवरच तपासला जातो आणि जागेवरच मिळतो. निराधारच्या पगाराचं नेमकं उलटं आहे.

६५ वर्षांवरच्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन, आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्यासोबत केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजना. दोन्ही मिळून हातात महिन्याला १,५०० रुपये येतात. जुलै २०२३ पूर्वी ते १,००० होते. यात केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत फक्त २०० आणि ८० पासून ५०० रुपये, बाकीचे राज्याचे. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० लागू झाले. ६५ च्या आतल्या निराधारांसाठी संजय गांधी योजना वेगळी आहे. गावात सगळ्यालाच ‘निराधारचे पैसे’ म्हणतात. पण अर्ज भरताना योजनेचं नाव चुकलं की तो महिनाभर टेबलावर पडून परत येतो.

श्रावणबाळची खरी अडचण उत्पन्नाची मर्यादा. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत पाहिजे. २०२५-२६ ची रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये आहे. म्हणजे घरातला एकच माणूस वर्षात ६८ दिवस हमीच्या कामाला गेला, तर मर्यादा संपली. पराटी निंदायला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या कोणत्या घरात ६८ दिवसांची मजुरी होत नाही? ही मर्यादा माणसाला खोटं लिहायला लावते, आणि पुढे तेच खोटं तपासणीत त्याच्या अंगावर येतं. ती वाढवायलाच पाहिजे.

अर्ज सेतू केंद्रातून किंवा तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्यायचा. वयाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहत असल्याचा रहिवासी दाखला, एवढी कागदं लागतात. उत्पन्नाच्या दाखल्याचं वर्ष बघून घ्या, मागच्या आर्थिक वर्षाचा दाखला जोडल्याने पुष्कळ अर्ज अडतात. प्रतिज्ञापत्रासाठी स्टॅम्प पेपर आणा असं कोणी म्हटलं तर आणू नका. सरकारी कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. केंद्रात जे पैसे द्याल त्याची छापील पावती मागा, कारण तिच्यावरचा अर्ज क्रमांक पुढे प्रत्येक चौकशीला लागतो.

मंजुरी मिळाली तरी पैसे येतीलच असं नाही, आणि सगळ्यात जास्त माणसं अडतात ती इथे. पूर्वी तहसीलची यादी बँकेत जायची आणि पासबुकातल्या खात्यावर रक्कम पडायची. आता डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात, येणारा पैसा खाते क्रमांक बघत नाही, आधार क्रमांक बघतो, आणि आधारला शेवटी ज्या बँकेचं खातं जोडलं गेलं तिकडे जातो. एकेका म्हाताऱ्याची तीन-चार खाती असतात: पीककर्जासाठी जिल्हा बँकेत, जनधनचं राष्ट्रीयीकृत बँकेत, एखादं पोस्टात, आणि सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं एखादं, ज्याचा कोणालाच पत्ता नसतो. पैसे त्या चौथ्या खात्यात पडत राहतात आणि घरचे तहसीलदाराला दोष देतात. म्हणून ‘पैसे आले नाहीत’ म्हणत तहसीलला भाड्याचे पैसे घालवण्याआधी माय आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, बँकेचं नाव दिसतं. बँक भलतीच निघाली तर हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा, म्हणजे सरकारी पैशासाठी खातं आधारला जोडायचा, फॉर्म भरा. नुसती केवायसी, म्हणजे ओळखीची कागदं देणं, करून उपयोग नाही, फॉर्मवर डीबीटीसाठी जोडायची संमती असलीच पाहिजे. ‘आधार लिंक आहे’ असं काउंटरवरून सांगितलं जातं तेव्हा बरेचदा फक्त केवायसी झालेली असते.

दुसरा धोका जनधन खात्यांचा. ही खाती २०१४-१५ मध्ये उघडली गेली आणि कमी जोखमीच्या खात्याची केवायसी दहा वर्षांनी पुन्हा करावी लागते. ती मुदत बहुतेकांची भरलेली आहे. खातं गोठलं की पगार येऊनही काढता येत नाही.

मग अंगठा. गावात बँकेचे पैसे काढून देणाऱ्या बँक मित्राच्या छोट्या मशीनवर बोट ठेवलं, लाल दिवा लागला, पुन्हा ठेवलं, पुन्हा लाल. आयुष्यभर विळा-खुरपं धरलेल्या, बोंडं वेचलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. कोमट पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करा, अंगठ्याच्या जागी तर्जनी किंवा मधलं बोट वापरून बघा, बोट दाबून न धरता सपाट ठेवा. उन्हाळ्यात कातडी फाटलेली असते, तेव्हा रात्री खोबरेल लावून झोपलं तर सकाळी फरक पडतो. तरीही लागत नसेल तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून घ्यावं, शंभर-सव्वाशे रुपये लागतात. एक इशारा मनापासून देतो. ‘अंगठा लागला नाही, उद्या या’ असं सांगितलं तरी मशीनची पावती मागा आणि घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. पावतीवर ‘यशस्वी’ असेल तर पैसे निघालेले आहेत. असेच १,५०० रुपये एखाद्या म्हातारीच्या हातून जातात आणि तिला ते कळतही नाही.

या सगळ्या सोयींच्या मुळाशी एकच तारीख आहे, आधारवरची जन्मतारीख. ६५ ला श्रावणबाळ, ७० ला आयुष्मान, ७५ ला फुकट एसटी. आधार काढताना अनेकांच्या वयाचा अंदाज करून १ जानेवारी टाकलेली आहे, आणि साल तीन-चार वर्षांनी पुढे गेलं असेल तर माणूस तेवढी वर्षं हक्काला मुकतो. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून हाती पक्का कागद आल्याशिवाय घाई करू नका. शाळेत गेलेल्यांसाठी शाळा सोडल्याचा दाखला. न गेलेल्यांनी तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल शोधावी. विदर्भातल्या जुन्या गावांचे जन्म त्यात सापडतात, पण त्यावरून पुढचा दाखला मिळवायला वेळ धरून चालावं.

आयुष्मान वयवंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. पण ते भरती झाल्यावरच चालतं, ओपीडीच्या गोळ्यांना नाही. त्यामुळे दवाखान्यात आधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, भेटा, बिल भरून मग कार्ड काढलं तर परतावा मिळत नाही. वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, गुडघ्याचा पट्टा यांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. वस्तूचं पक्कं बिल ३० दिवसांत दिलं नाही तर रक्कम परत मागितली जाते. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, फक्त खालच्या बर्थला प्राधान्य उरलं आहे.

सूतगिरणी, जिनिंग, सहकारी संस्था, एसटी यांतून निवृत्त झालेल्यांची ईपीएस-९५, म्हणजे भविष्य निर्वाह निधीची, पेन्शन वेगळी. सप्टेंबर २०१४ पासून किमान १,००० रुपये, आणि ते आजही तेवढेच आहेत. हे लाजिरवाणं आहे, आणि बुलडाण्यातून चाललेलं पेन्शनरांचं आंदोलन म्हणूनच रास्त आहे. त्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरलाच द्यावा लागतो हा समज चुकीचा आहे. दिल्या तारखेपासून १२ महिने तो चालतो. म्हणून नोव्हेंबरची रांग टाळून जून-जुलैत द्या. शाळा-कचेरीतून निवृत्त झालेल्या राज्य पेन्शनरांना मात्र ३० नोव्हेंबरपर्यंत बँकेत जाऊन यादीवर सही करावी लागते, नाहीतर डिजिटल दाखला द्यावा लागतो. पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला काढून देतो. चेहऱ्यावरूनही काढता येतो, त्यासाठी मोबाईल उजेडाकडे तोंड करून धरावा लागतो आणि डोळे मिटून उघडावे लागतात.

खाटेवर पडलेल्या माणसाला उचलून बँकेत नेऊ नका. ७० वर्षांवरच्या आणि चालता न येणाऱ्या खातेदाराला घरी सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे निर्देश आहेत. शाखेत तोंडी विचारलं तर ‘माणूस आणा’ हेच उत्तर येतं, म्हणून अर्ज दोन प्रतींत लिहा, सोबत डॉक्टरची चिठ्ठी जोडा, आणि एका प्रतीवर तारखेसह पोचचा शिक्का घेऊनच घरी या.