तिसऱ्या शीलाचा ऑनलाइन वर्ग: घ्यावा, पण एक भाग सावधपणे ऐकावा

बौद्ध पंचशीलातलं तिसरं शील म्हणजे लैंगिक गैरवर्तनापासून दूर राहणं. गृहस्थांसाठीचा त्यावरचा हा वर्ग 'व्यभिचार करू नये' एवढं सांगून थांबत नाही, म्हणून आवडला. मज्झिम निकाय या बुद्ध-उपदेशांच्या पाली संग्रहातलं सालेय्यक सुत्त (सुत्त म्हणजे उपदेश) ओळीओळीने उलगडलंय: आई, वडील, भाऊ, बहीण किंवा नातेवाइकांच्या आश्रयाखाली असलेली, विवाहित, वाग्दान झालेली, अशा स्त्रियांशी संबंध वर्ज्य. पुढे अट्ठकथेतले, म्हणजे सुत्तांवरच्या जुन्या पाली टीकेतले, चार घटक येतात: वर्ज्य व्यक्ती, संबंधाची इच्छा, त्यासाठीचा प्रयत्न आणि प्रत्यक्ष संबंध. चारही जुळले तरच शीलभंग. मनात नुसता विचार आला तरी शील मोडलं असं समजून झुरणाऱ्यांनी हा भाग दोनदा ऐकावा. वेळुद्वारेय्य सुत्ताचा आधारही नेमका दिलाय: माझ्या जोडीदाराच्या बाबतीत जे मला खपणार नाही, ते मी दुसऱ्याच्या जोडीदाराबाबत कसं करू?

खटकतो तो अयोग्य वेळ, जागा आणि अवयव यांवरचा पाठ. हे नियम थेट बुद्धवचन म्हणून सांगितलेत. पाली सुत्तांत ती यादी नाही. ती नंतरचे बौद्ध आचार्य वसुबंधू यांच्या अभिधर्मकोशभाष्य या संस्कृत ग्रंथात येते आणि तिबेटी परंपरेने पुढे नेली. हा फरक न सांगितल्यामुळे, विशेषतः अवयवांच्या नियमातून, समलिंगी साधकांवर विनाकारण अपराधाचं ओझं येतं. ही चूक दुरुस्त व्हायलाच हवी.

उपोसथाला, म्हणजे गृहस्थ आठ शीलं पाळतात त्या व्रताच्या दिवसाला, मात्र एकच वाक्य मिळालंय. ही आठ शीलं (अष्टशील) घेतली की त्या दिवस-रात्रीपुरतं पूर्ण ब्रह्मचर्य असतं, अगदी पती-पत्नींमध्येही. त्यामुळे शील घेण्याआधीच जोडीदाराशी बोलून घ्यावं. आयत्या वेळी सांगितलं तर समोरच्याला ते नाकारल्यासारखं वाटतं.